टेस्टर हवाच



एआय एजंट अ‍ॅप बांधतात, तपासतातही. मग टेस्टर कशाला, हा एका पत्रलेखकाचा सवाल मला मुळीच पटला नाही. बटणे दाबून पाहण्याचे काम अ‍ॅपियमसारखी स्वयंचलित चाचणीची साधने आधीपासून करतात. एजंटमुळे ते आणखी सोपे झाले, हे मान्य. पण कोड लिहिणाऱ्या एजंटनेच चाचण्या लिहिल्या, तर समजुतीतली चूक दोन्हीकडे तशीच राहते. उदाहरणार्थ, स्वस्त फोनवर अक्षरे मोठी केली की ‘रद्द करा’ हे बटण कीबोर्डखाली दडू शकते. एम्युलेटरवर, म्हणजे संगणकातल्या आभासी फोनवर, मात्र चाचणी पास! आमच्या मे महिन्याच्या उन्हात स्क्रीन दिसते का, पैसे भरताना नेटवर्क गेले तर रक्कम दोनदा कापली जाते का, हे खऱ्या फोनवरच नीट कळते. नागपूरच्या मिहान प्रकल्पातील आयटी कंपन्यांनी एजंट जरूर वापरावेत, टेस्टर मात्र कमी करू नयेत.

– एक टेस्टर, नंदनवन, नागपूर