शाळा आणि कारखाना

ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे पावणे गाव आज कारखान्यांच्या दाटीत उभे आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाच्या या पट्ट्यात खासगी व्यवस्थापनाचे गुण दिसतात, हे आम्ही नाकारीत नाही. तेथे यंत्र बिघडले तर दुरुस्तीच्या परवानगीसाठी कागद चार टेबले हिंडत नाही. म्हणूनच महापालिकांच्या शाळाही उद्योगपतींच्या हाती सोपवाव्यात, असे मत सुशिक्षितांच्या बैठकींतून वारंवार ऐकू येते. (बोलणारांपैकी कितीजणांची मुले त्या शाळांत आहेत, हे विचारण्याचा उद्धटपणा आम्ही करीत नाही.)

कारखानदार कच्चा माल पारखून घेतो आणि तोट्यातले उत्पादन बंद करतो. सार्वजनिक शाळेला या दोन्ही मुभा नाहीत. पावणे येथील एखाद्या कामगाराचे मूल दिवाळीनंतर, जन्मदाखल्यावाचून, दोन इयत्ता मागे पडून दाराशी आले, तरी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे त्याला वयानुरूप वर्गात घेतलेच पाहिजे. विनाअनुदानित शाळांवर दुर्बल व वंचित घटकांसाठी पंचवीस टक्के जागांचे बंधन आहे; परंतु एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास त्यांना त्यातूनही मोकळे करण्याचा घाट राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घातला. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला, म्हणून बरे!

जबाबदारी कोणापाशी, हा खरा प्रश्न आहे. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे हाच कायदा सांगतो. विनाअनुदानित शाळेला ते कलम लागू नाही. तेथील पालक ग्राहक असतो, आणि ग्राहकाला न पटल्यास त्याने दुसरे दुकान पाहावे. मजुराने कोणते पाहावे?

सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने शाळा दत्तक देण्याची योजना आणली आणि देणगीदाराचे नाव शाळेला जोडण्याची सोय केली. देणगीचे आम्हांस वावडे नाही. परंतु सरकारी कारभाराच्या दिरंगाईवर तो उपाय नव्हे, आणि ती दिरंगाई अक्षम्य आहे. नळ-पंख्यांच्या दुरुस्तीपुरता खर्चाचा अधिकार मुख्याध्यापकास देणे आणि जून उजाडण्यापूर्वी रिक्त जागी शिक्षक नेमणे, यांसाठी शाळा कोणाला दत्तक द्यावी लागत नाही. नवी मुंबई महापालिकेने येत्या अंदाजपत्रकात या दोन बाबींची तरतूद करावी, अशी आमची मागणी आहे.