कुंडी कॅलेंडर पाहून बदलू नका

संपादक महोदय,

‘उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळी रोपे दुप्पट मोठ्या कुंडीत हलवावीत’ हा आपल्या वाचकाचा सल्ला पुण्यात रोपांच्या जिवावर बेतेल. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीला टेकतो. दुखावलेली मुळे तेव्हा पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. मोगरा तर त्या दिवसांत ऐन बहरात असतो. जूनमध्ये दोन-तीन पाऊस होऊन हवा दमट झाली की मगच हे काम काढावे. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतील पुष्पप्रदर्शनातून आणलेले, पिशवीत दाटलेले रोप मात्र थंडीतच लावून टाकावे.

तळाच्या भोकातून मुळे डोकावू लागली, घातलेले पाणी न मुरता खाली वाहून गेले, वाढ खुंटली, तरच कुंडी बदलावी. नवी कुंडी एक-दोन इंचांनीच रुंद हवी. फार मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओली राहते आणि मुळे कुजतात. मातीच्या गोळ्याभोवती गुंडाळलेली मुळे बोटांनी हलकेच मोकळी करावीत. रोप आठवडाभर सावलीत ठेवावे आणि खत नवी पालवी फुटल्यावरच द्यावे.

वाचकांना कळकळीची विनंती, यंदा घाई न करता पावसाची वाट पाहा.

– एक बागप्रेमी, सहकारनगर, पुणे