हिशेब आपला : मोठ्या वकिलांची यादी आणि आपली ठेव

जानेवारी २०२५ मध्ये टॉरेस या नावाने चालणाऱ्या दागिन्यांच्या दुकानांना एकाएकी कुलुपे लागली. दादरप्रमाणे आपल्या मिरा रोडलाही त्यांचे दुकान होते. खडे विकत घ्या आणि दर आठवड्याला परतावा घ्या, असा तो मामला. मुंबईत फिर्याद देणारा दादरचा एक भाजीविक्रेता होता. तेव्हापासून भाईंदर-मिरा रोडच्या वस्त्यांतून आम्हांला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो : "पैशाच्या कायद्यातला सगळ्यांत मोठा वकील कोण? वर्गणी काढू, पण वकील मोठाच करू."

प्रश्न रास्त आहे. घामाचा पैसा गेला की माणूस मोठा आधार शोधतो. म्हणून या वेळी मोठ्या वकिलांचाच हिशेब मांडून पाहू.

हे मोठे वकील एकेकटे नसतात. त्यांच्या पेढ्या असतात; इंग्रजीत त्यांना लॉ फर्म म्हणतात. मुंबईतली अमरचंद मंगलदास ही पेढी १९१७ सालची. २०१५ मध्ये दोघा भावांत तिची वाटणी झाली आणि सिरिल अमरचंद मंगलदास व शार्दूल अमरचंद मंगलदास अशा दोन पेढ्या झाल्या. खेतान अँड कंपनी १९११ मध्ये कोलकात्यात सुरू झाली. शिवाय एझेडबी, ट्रायलीगल, जे. सागर ही नावे आहेत. लंडनच्या चेंबर्स अँड पार्टनर्स आणि लीगल ५०० या संस्था दरवर्षी अशा पेढ्यांची तुलना करून पहिली पायरी, दुसरी पायरी अशी यादी छापतात. पेढ्या आपल्या कामांची माहिती स्वतः पाठवतात, आणि संस्थेची माणसे त्यांच्या गिऱ्हाइकांशी व इतर वकिलांशी बोलून पारख करतात. कोणाचा हात रिझर्व्ह बँकेच्या परवान्यांत बसलेला, कोणाचा सेबीच्या शेअरबाजारी कामात, कोणाचा विम्यात, असे बारकावे त्यातून कळतात.

आता प्रश्न असा की, ही गिऱ्हाइके कोण? बँका, कर्ज देणाऱ्या कंपन्या, विमा कंपन्या, मोठे गुंतवणूकदार. बँकेला रिझर्व्ह बँकेची नोटीस आली, दोन बँका एकत्र करायच्या झाल्या, नवा परवाना हवा झाला, की या पेढ्या लागतात. ती यादी खोटी नाही, पण ती दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी केलेली आहे. भाईंदरच्या स्टीलच्या गाळ्यात काम करणाऱ्या आपल्या भावाला किंवा धुणीभांडी करून महिन्याला हजार रुपये बाजूला टाकणाऱ्या आपल्या ताईला त्या यादीतून वकील सापडणार नाही.

मग या तुलनेतून आपण काही शिकायचेच नाही काय? शिकायचे, आणि पुष्कळ. या पेढ्या पहिल्या पायरीवर येतात त्या कोर्टात मोठ्याने बोलून नव्हे. रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक निघाले की त्या ते वाचतात, कोणत्या दारी जायचे ते ओळखतात, आणि मुदतीच्या आत लेखी म्हणणे देतात. बाबासाहेबांनी चलनाच्या प्रश्नावर हिल्टन यंग कमिशनपुढे लेखी निवेदन देऊन साक्ष दिली, ती १९२५ मध्ये. पैशाच्या कारभाराचे नियम ठरत असतात तेव्हा कागदावर बोलावे लागते, हा धडा आपल्याला नवा नाही.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे उदाहरण घ्या. एचडीआयएल या एकाच बांधकाम गटाला बँकेने हजारो कोटींची कर्जे दिली आणि ती लपवली. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. पहिल्या दिवशी ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील असे सांगण्यात आले; ती मर्यादा पुढे वाढत २०२० मध्ये एक लाखापर्यंत गेली. ठेवीदारांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, तिथून उच्च न्यायालयाकडे जाण्यास सांगितले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांत हात घालण्यास नकार दिला. वकील होते, याचिका होत्या, पण मर्यादा किती ठेवायची हे कोर्टाने रिझर्व्ह बँकेवरच सोडले.

पुढे २२ नोव्हेंबर २०२१ रोजी ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन करण्याचा मसुदा रिझर्व्ह बँकेने जाहीर केला आणि त्यावर हरकती-सूचना मागवल्या. पाच लाखांवरच्या ठेवी टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंत परत करण्याची ती योजना होती. जानेवारी २०२२ मध्ये ती लागू झाली. हरकती देण्याची ती काही दिवसांची मुदत, हेच त्या वेळचे उघडे दार होते. त्यासाठी वकीलपत्र लागत नव्हते. टपालाचे तिकीट आणि दहा शेजाऱ्यांच्या सह्या पुरल्या असत्या.

म्हणून वकील शोधण्याआधी आपला पैसा कोणाकडे अडकला ते पाहा. हिशेबाच्या वहीत जशी वेगवेगळी खाती पाडतो, तशी तीन खाती पाडू.

पहिले खाते बँकेचे. बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंत आहे. आधी ते एक लाख होते. २०२१ च्या दुरुस्तीनुसार बँकेवर निर्बंध आल्यावर ९० दिवसांत ही रक्कम देण्याची तरतूद झाली, मात्र ठेवीदाराने आपला अर्ज भरून द्यावा लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हाही याच विम्याचा आधार होता. बँक चालू आहे, पण पैसे चुकीचे कापले, तक्रारीला दाद देत नाही, असे असेल तर आधी बँकेला लेखी द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी नाही. विशेष म्हणजे, ठेवीदाराच्या वतीने वकिलाने केलेली तक्रार लोकपाल घेतच नाही. इथे मोठा वकील केला तर तक्रारच बाद!

दुसरे खाते पतसंस्थेचे. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. पाटीवर किती मोठी अक्षरे असोत, तिथल्या ठेवीला पाच लाखांचा विमा नाही आणि रिझर्व्ह बँकेचा लोकपालही नाही. तिथे सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार करावी लागते आणि वाद सहकार न्यायालयात जातो. घरातली सगळी पुंजी अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी पतसंस्थेत टाकताना हा फरक ध्यानात ठेवावा.

तिसरे खाते 'स्कीम'चे. टॉरेससारख्यांचे. इथे महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा आहे. पोलीस त्याला एमपीआयडी म्हणतात. या कायद्याखाली कंपनीची आणि तिच्या चालकांची मालमत्ता जप्त होते, विशेष न्यायालयाच्या हुकमाने विकली जाते आणि ठेवीदारांत वाटली जाते. बड्या कंपन्यांनी या कायद्यालाच आव्हान दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये, ६३ मून्स कंपनीच्या प्रकरणात, तो वैध ठरवला. खटला सरकारी वकील चालवतो. आपले काम इतकेच की, आर्थिक गुन्हे शाखेत जाऊन जबाब नोंदवावा, पावत्या व बँकेच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात आणि यादीत आपले नाव आले की नाही ते पाहावे. जो नाव नोंदवत नाही, तो वाटपाच्या वेळी मागे राहतो. लाजेपोटी घरी बसणारे यातच नुकसान करून घेतात. फसलेल्याने कसली लाज धरायची? लाज फसवणाऱ्याने धरावी.

तरीही वकील लागतोच अशी वेळ येते. तेव्हा तुलना करा, पण आपल्या मापाने. या प्रकारचे किती खटले त्याने चालवले? ज्या बँकेविरुद्ध आपण लढतो, तिचे काम तो करतो काय? एका पक्षाला सल्ला दिल्यावर त्याच प्रकरणात दुसऱ्या पक्षाच्या वतीने उभे राहण्यास बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे, म्हणून हे तोंडावर विचारायला संकोचू नका. तारखेला तो स्वतः येणार की ज्युनिअरला धाडणार? फी किती, किती हप्त्यांत, पावती मिळेल काय? कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका. आणि "पैसे सुटले की तीस टक्के माझे" असे कोणी म्हणाले तर तिथूनच उठा. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळालेल्या पैशात वाटा मागणे वकिलांच्या नियमांत बसत नाही.

पैसेच नसतील तर? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला आहे. जातीचा दाखला सोबत न्यावा. आपल्या भगिनींना तर स्त्री म्हणूनच हा हक्क आहे. आपला जिल्हा ठाणे, त्यामुळे ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. फोन १५१००. ही भीक नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे.

आमची सूचना अशी. प्रत्येक विहारात रविवारी तासभर एक वही उघडावी. कोणाची ठेव कुठे, पावती आहे की नाही, मुदत कधी संपते, वारस कोण नेमला, हे ज्याचे त्याने आपल्या घरच्या वहीत लिहावे. शिकलेल्या मुला-मुलींनी मदत करावी. निर्बंधाची बातमी आली की अर्ज कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा, ते फळ्यावर लिहावे. पहिल्या पायरीच्या पेढ्या बँकांसाठी लाखो रुपये घेऊन करतात ते काम याच जातीचे आहे : वाचणे, नोंद ठेवणे, वेळेवर लिहिणे. आपल्याला ते वहीपेन्सिलीच्या खर्चात करता येते. या आठवड्यात निदान घरातल्या पावत्या एका पिशवीत गोळा करा आणि त्यांच्या झेरॉक्स काढून ठेवा.