निर्दोष रेघ

अमेरिकेतील शाळांतून वर्णभेद केव्हा गेला, असे विचारले तर बहुतेक सुशिक्षित माणसे १९५४ हे साल सांगतील. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात गोऱ्या व काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा एकमताने घटनाबाह्य ठरविल्या, हे खरेच आहे. परंतु तो निकाल उपनगरांच्या वेशीवर का अडला, हे समजण्यासाठी १९७४ चा मिलिकेन विरुद्ध ब्रॅडली हा निकाल वाचावा लागतो.

डेट्रॉइटमधून गोरी कुटुंबे उपनगरांत चालली होती आणि शहरातील शाळांत काळ्या मुलांचे बहुमत झाले होते. शहरापुरतीच सरमिसळ करावयाची तर ती कोणाची करणार? म्हणून न्यायाधीश स्टीफन रॉथ यांनी शहर व भोवतालचे ५३ शालेय जिल्हे मिळून एकच योजना आखण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला. उपनगरांच्या शाळामंडळांनी भेदभाव केल्याचे सिद्ध झालेले नाही, मग त्यांना यात का ओढावे, हा सरन्यायाधीश बर्गर यांचा मुख्य आधार.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे वेतन राज्याच्या तिजोरीतून येते. तेथील शालेय जिल्हा मात्र पुष्कळदा एखाद्या गावाएवढाच असतो व हद्दीतील घरादारांवर कर बसवून शाळा चालवीत आला आहे. रेघेच्या आत घर मिळणे हेच शाळेचे प्रवेशपत्र.

ते घर कोणाला मिळे? डेट्रॉइटला लागून असलेल्या ग्रोस पॉइंटमधला प्रकार १९६० साली उघडकीस आला. घरमालकांची संघटना व दलाल गिऱ्हाइकांची गुप्तहेरांकरवी चौकशी करवून त्यांना चक्क गुण देत. उत्तीर्ण होण्यास पोलिश माणसाला ५५, इटालियनाला ७५, ज्यूला ८५ गुण लागत. काळ्या माणसाला परीक्षेलाच बसता येत नसे. याच ग्रोस पॉइंटचे शाळामंडळ १९७४ च्या खटल्यात अपील करणाऱ्यांपैकी एक होते. काळ्या मुलांना अडविण्याची त्या मंडळाला गरजच उरली नव्हती. ते काम दलालांनी आधीच उरकले होते.

ब्राउन खटला वकील म्हणून लढविणारे थर्गुड मार्शल या वेळी न्यायासनावर होते, पण अल्पमतात. शालेय जिल्हे राज्यानेच निर्माण केलेले; दोषी ठरलेल्या राज्याला स्वतः आखलेल्या रेघेआड कसे लपता येईल, हा त्यांचा मुद्दा आम्हांला बिनतोड वाटतो. शाळा स्थानिकांच्या हाती असाव्यात, हा प्रतिपक्षाचा आग्रह पोकळ नाही. परंतु मिशिगनने १९९४ साली शाळांच्या चालू खर्चाचा मोठा भार राज्यावर घेतला, तेव्हा ही हद्द आड आली नाही. पैसा ती ओलांडून जातो. मुलाला मात्र शेजारच्या जिल्ह्याची संमती लागते.

रेघ पुसली तर काय होते, तेही दिसले आहे. केंटकीतील लुईव्हिल शहर व भोवतालची जेफरसन कौंटी यांचे शालेय जिल्हे १९७५ साली एक झाले. दंगली उसळल्या, राष्ट्रीय रक्षकदल बोलवावे लागले. तथापि उपनगरात बिऱ्हाड हलवूनही शालेय जिल्हा तोच राहतो म्हटल्यावर पळण्याचे प्रयोजनच उणावले. पुढे २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनीच, वर्ण पाहून शाळा नेमून देण्याची तेथील पद्धत घटनाबाह्य ठरविली. तेव्हा मंडळाने एकेका मुलाचा वर्ण पाहण्याऐवजी त्याच्या वस्तीचे उत्पन्न, शिक्षण व तेथील लोकसंख्येचे स्वरूप पाहण्यास आरंभ केला.