तराजू तपासण्याचा हक्क

दुकानदार तराजूवर पडदा टाकून माल विकू लागला, तर शहाणा ग्राहक त्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही. व्हिडिओ गेमच्या बाजारात मात्र हा पडदा करारानेच टाकलेला असतो. खेळाच्या फायलींतील दडलेली माहिती शोधणे, म्हणजे डेटामायनिंग, आणि प्रोग्रॅमची रचना उलगडून पाहणे, म्हणजे रिव्हर्स इंजिनिअरिंग, या दोहोंना अनेक कंपन्यांच्या अटी मज्जाव करतात.

पडद्याआड काय घडू शकते, हे दक्षिण कोरियात दिसले. ‘मेपलस्टोरी’ या खेळात साहित्याचे गुण बदलणारे ‘क्यूब’ पैसे घेऊन विकले जात. हवे ते गुण मिळण्याची शक्यता ‘नेक्सॉन’ कंपनीने २०१० पासून खेळाडूंना न सांगता घटवली. काही संयोगांची तर शून्यावर आणली. जानेवारी २०२४ मध्ये तेथील व्यापार आयोगाने कंपनीला सुमारे १,१६० कोटी वॉन दंड केला. हे सरकारी चौकशीतून सिद्ध झाले. परंतु प्रत्येक खेळामागे सरकारी निरीक्षक बसवता येत नाही. मोजून पाहणारा ग्राहक हाच बाजाराचा पहिला पहारेकरी होय.

कंपन्यांची बाजू अगदीच निराधार नाही. कथेतील रहस्य आधीच फुटते, लबाड खेळाडू इतरांचा खेळ नासवतात, नकलेमुळे अनेक वर्षांची मेहनत वाया जाते. परंतु त्यावर उपाय लबाडीला व नकलेला शासन करणे हा आहे. पाहण्यालाच अपराध ठरवणे नव्हे. कंपनीच्या सर्व्हरमध्ये शिरणे ही घुसखोरी. आपल्या यंत्रावर रीतसर उतरलेली फाईल वाचणे हा अभ्यास.

अमेरिकेत १९९२ साली ‘सेगा’च्या खटल्यात अपील न्यायालयाने सुसंगत खेळ बनवण्यासाठी केलेली उकल वाजवी मानली, २००५ साली ‘ब्लिझर्ड’च्या खटल्यात दुसऱ्या अपील न्यायालयाने करारातील बंदी उचलून धरली. युरोपीय समुदायाने १९९१ च्या निर्देशातच अशा अभ्यासाला आडव्या येणाऱ्या अटी रद्दबातल ठरवल्या होत्या. भारताच्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ मध्ये, १९९९ च्या दुरुस्तीने, प्रोग्रॅममागील कल्पना व तत्त्वे जाणण्यासाठी त्याचे निरीक्षण, अभ्यास व चाचणी करण्यास मुभा दिली. करारातील अट ती मुभा हिरावू शकणार नाही, असे मात्र कायदा स्पष्टपणे म्हणत नाही. एका वाक्याची ही उणीव संसदेने भरून काढली पाहिजे. ज्याचे वजन खरे आहे, त्याला तराजू दाखवण्याचे भय असण्याचे कारण नाही.