प्लाझ्मा द्या, पण हिशोबही मागा

एप्रिल 2021 मध्ये अमरावतीत बसून मी प्लाझ्मा देणाऱ्यांची एक शीट बनवली होती. नाव, रक्तगट, मोबाईल नंबर, कोरोनातून कधी बरे झाले ती तारीख. सॉफ्टवेअरवाला माणूस, दुसरं काय करणार? अकोल्याहून रात्री एकला फोन यायचा, "भाऊ, बी पॉझिटिव्ह कोणी आहे का?" रमजान होता. मोहल्ल्यातली पोरं इफ्तार करून थेट रक्तपेढीत जायची.

आयसीएमआरच्या 'प्लॅसिड' चाचणीचा निकाल त्याच्या सहा महिने आधीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. 39 रुग्णालयं, 464 रुग्ण. प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी 19 टक्के रुग्ण अत्यवस्थ झाले किंवा दगावले. न मिळालेल्यांपैकी 18 टक्के. मी तो वाचला नव्हता. ज्यांनी वाचायला हवा होता त्यांच्या चिठ्ठ्या मात्र येतच होत्या. मे 2021 मध्ये आयसीएमआरने प्लाझ्मा उपचारांतून वगळला. माझी शीट अजून लॅपटॉपमध्ये आहे.

2024 च्या पावसाळ्यात चिकनगुनियाने नागपूर, अमरावती, अकोल्यात घरंच्या घरं झोपवली, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा आला: बरे झालेल्यांचा प्लाझ्मा का देत नाहीत?

प्रश्न खुळा नाही. 2005-06 मध्ये रियुनियन बेटावर सुमारे एक तृतीयांश लोकांना चिकनगुनिया झाला. बरे झालेल्यांच्या प्लाझ्मातून वेगळ्या केलेल्या अँटीबॉडींनी उंदरांना, त्यांच्या नवजात पिल्लांनाही, वाचवलं. खरी गरजही नवजातांनाच आहे. बाळंतपणाच्या वेळी आईच्या रक्तात विषाणू असेल तर जवळपास निम्म्या बाळांना लागण होते, आणि ती मेंदूपर्यंत जाऊ शकते. अशा बाळाला पहिल्याच दिवशी अँटीबॉडी देता येतात. कोरोनात बहुतेकांना प्लाझ्मा मिळाला तोवर उशीर झालेला असायचा. शिवाय प्लॅसिडमध्ये दात्याच्या प्लाझ्मात अँटीबॉडी किती, हे आधी मोजलंच गेलं नव्हतं.

डेंग्यूचं गणित वेगळं. त्याचे चार प्रकार. एकाच्या अपुऱ्या अँटीबॉडी दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला पेशीत शिरायला मदतच करतात. आईकडून आलेल्या अँटीबॉडी विरत जातात त्या वयात तान्ह्या बाळांचा डेंग्यू गंभीर होतो, तो यामुळेच. तेव्हा "डास तोच, मग औषधही तेच" असं कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर पुढे ढकलू नका.

2020 मध्ये महिनाभर शिव्या खाल्लेल्या तबलिगी जमातच्या लोकांनी दिल्लीत प्लाझ्मा दिला. ईद-ए-मिलादला आपण रक्तदान शिबिरं घेतोच. देणं आपल्याला शिकवावं लागत नाही, विचारणं शिकावं लागेल. उद्या वऱ्हाडात अशी चाचणी आली तर बाटलीतल्या अँटीबॉडी मोजल्या का, कोणाला द्यायच्या हे चिठ्ठ्या टाकून ठरतंय का, संमतीपत्र मराठी आणि उर्दूत आहे का, आणि निकाल वाईट आला तरी छापणार का, हे विचारायचं. "माझ्याच बाळाला द्या" म्हणून डॉक्टरवर दबाव आणायचा नाही. हे मला सगळ्यात अवघड वाटतं. माझं बाळ असतं तर मीही आणला असता.

उत्तरं मिळाली तर शीट पुन्हा उघडायला मी तयार आहे. या वेळी एक रकाना जास्त असेल: अँटीबॉडी किती.