आपल्याला कोणता इन्स्पेक्टर हवा?

सिनेमातला इन्स्पेक्टर म्हटलं की मुलं एका सुरात ‘सिंघम’ म्हणतात, त्याच्यामागून ‘सिम्बा’. २०१८ च्या ‘सिम्बा’त बलात्काराच्या आरोपींना ठाण्यातच गोळ्या घालून चकमकीचं रूप दिलं जातं आणि थिएटर टाळ्या वाजवतं. वर्षभराने, डिसेंबर २०१९ मध्ये, हैदराबादजवळ चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. पुढे निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या आयोगाला पोलिसांची हकीकत खोटी आढळली. ही बातमी फुलांइतकी गाजली नाही.

खरं तर मराठी लेखकांनी फार पूर्वीच वेगळा इन्स्पेक्टर दाखवला होता. श्री. दा. पानवलकरांची कथा ‘सूर्य’, तिच्यावर विजय तेंडुलकरांनी लिहिलेली पटकथा आणि गोविंद निहलानींचा १९८३ चा ‘अर्धसत्य’. ओम पुरींनी साकारलेला सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर प्रामाणिक आहे, संतापी आहे. रामा शेट्टीसारख्या बड्या गुंडाला हात लावता येत नाही, म्हणून आत कोंडलेला राग एका किरकोळ चोरावर निघतो आणि तो कोठडीत मरतो. नोकरी वाचवायला वेलणकर त्याच शेट्टीच्या दारात जातो. शेवटी शेट्टीला मारून स्वतः पोलिसांत हजर होतो. इथे टाळी वाजत नाही. वर्दीतला राग खाली उतरताना नेहमी गरिबावरच का पडतो, हा प्रश्न तेवढा उरतो.

इंग्रजी रंगभूमीवरही असा एक इन्स्पेक्टर आहे. जे. बी. प्रीस्टली यांच्या ‘अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स’ या नाटकातला गूल. एका मुलीने आत्महत्या केली, म्हणून तो कारखानदाराच्या घरी येतो. एकाने तिला पगारवाढ मागितली म्हणून कामावरून काढलेलं, दुसरीने दुकानातून घालवलेलं, तिसरीने मदत नाकारलेली. गूल हात उगारत नाही, फक्त विचारतो. तो खरा पोलीसच नव्हता हे नंतर कळतं, तेव्हा घरातल्या मोठ्यांना हायसं वाटतं. पण प्रश्न खरेच होते.

आता आपल्या माणसाकडे येऊ. ‘सरफरोश’ (१९९९) मधला इन्स्पेक्टर सलीम आपल्या समाजात अनेकांना आवडतो, मलाही. मुकेश ऋषींनी तो मनापासून उभा केला. पण सलीमचा निम्मा सिनेमा स्वतःची निष्ठा सिद्ध करण्यात जातो. त्याच्या हातून एक आरोपी निसटतो आणि संशय त्याच्या नावावर येतो. राठोडच्या हातून निसटला असता तर ती फक्त चूक ठरली असती. मला असा सलीम बघायचा आहे, ज्याला चोर पकडायचा आहे आणि बाकी काही सिद्ध करायचं नाही.

हा नुसता सिनेमाचा विषय नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी आमच्याच केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. पोलिसांनी वेळेत काय केलं, हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्राने विचारला. अशा वेळी सिंघम कामाचा नसतो. तक्रार लगेच लिहून घेणारा, आरोपी कोणाचा माणूस आहे हे न बघणारा साधा अधिकारी लागतो. तो असेल तर गोळीची गरजच पडत नाही. आणि गोळीची सवय लागली की ती आधी ज्याच्यामागे कोणी नाही त्याच्यावरच चालते. हे मुसलमानाला, दलिताला, पारध्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आपल्या जिल्ह्यात पहाटे पोलीस भरतीसाठी रस्त्यावर धावणारी पोरं दिसतात. त्यांत आपलीही आहेत, आणि वाढोत. त्यांच्या मोबाईलवर सिंघमचे तुकडे असतातच. घरच्यांनी, शिक्षकांनी एकदा ‘अर्धसत्य’ त्यांच्यासोबत बसून बघावा आणि संपल्यावर एवढंच विचारावं: बेटा, त्या कोठडीत तू असतास तर काय केलं असतंस?